मोठी फुली

सासूबाईंचा नेम चुकत होता, आणि नेम चुकला की त्या मला हाक मारत. त्या आमच्या समोरच्याच घरात राहतात. दोन दारांच्या मध्ये जिन्यापुढची मोकळी जागा आणि लिफ्टचा दरवाजा, एवढंच अंतर. त्यामुळे हाक मारायला त्यांना फोन लागत नाही. नुसतं "अहो" म्हटलं तरी मला जेवणाच्या टेबलावर ऐकू येतं, आणि दोन्ही घरांत मिळून 'अहो' या शब्दाला ओ देणारा पुरुष मी एकटाच असल्यामुळे गैरसमजाला जागा राहत नाही.

सासूबाई विणकाम करतात. स्वेटर, मोजे, टोप्या, एकदा तर आमच्या चहाच्या किटलीलाही त्यांनी बाह्यांसकट काहीतरी घातलं होतं. विणकामाचे नमुने त्या कॉम्प्युटरवर बघतात. नमुन्याच्या चार ओळी वाचून होतात न होतात तोच वर जाहिरातीचा चौकोन येऊन बसतो. चौकोनाच्या कोपऱ्यात बंद करायची फुली असते, मुंगीच्या डोळ्याएवढी. सासूबाई श्वास रोखून तिच्यावर नेम धरत आणि बाण नेमका फुलीच्या शेजारी, म्हणजे जाहिरातीवर पडे. मग त्या एका सोफ्याच्या दुकानात जाऊन पोचत. दुकान विचारी, कोणता रंग आवडेल? सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. समोरून कोणी काही विचारलं आणि आपण उत्तर दिलं नाही, असं त्यांच्या हातून होत नाही. त्या रंग सांगत. दुकान विचारी, किती माणसं बसतील? त्या माणसं मोजून सांगत. परिणामी त्या दुकानाची अशी ठाम समजूत झाली की या बाईंच्या घरी लोक उभेच असतात, आणि जाहिराती दुपटीने वाढल्या.

"अहो, यांना सांगा ना, मला सोफा नकोय," असं त्यांनी मला अनेकदा सांगितलं. कुणाला सांगायचं ते मला कळत नव्हतं.

मी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. लिफ्टशी माझा संबंध चढण्या-उतरण्यापुरताच. कंपनीच्या आतल्या कामांसाठी लागणारी कॉम्प्युटरवरची पानं, म्हणजे हजेरी, रजा, मालाची मागणी वगैरे, मी बनवतो आणि सांभाळतो. (आमच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली की मात्र सगळे माझ्याकडेच बघतात. ती आमच्या कंपनीची नाही, हे मी आता सांगायचं सोडून दिलंय.) तेव्हा एका सुट्टीच्या दुपारी मी बसलो आणि ब्राउझरसाठी एक छोटं एक्स्टेंशन लिहिलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडायचा एक छोटासा जादा तुकडा. माझ्या तुकड्याचं काम एकच होतं: जाहिरातीवरची फुली शोधायची आणि ती बशीएवढी, लालभडक करायची.

सासूबाईंनी नमुना उघडला. चौकोन आला. त्याच्या कोपऱ्यात बशीएवढी फुली उगवली. त्यांनी टिचकी मारली, चौकोन गेला. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणखी मोठी होईल का?"

इथेच थांबायला हवं होतं. पण बायको म्हणाली, "चांगलं झालंय की. सगळ्यांसाठी टाक ना ते." ती घरांचे नकाशे काढायच्या कार्यालयात आहे. तिच्या तोंडून 'चांगलं झालंय' हे शब्द वर्षभरात फार थोड्या वेळा निघतात आणि ते बहुधा दुसऱ्याच्या घराबद्दल असतात. मी चढून गेलो.

ब्राउझरवाल्यांचं एक दुकान असतं. तिथे एक्स्टेंशन मांडायचं, मग जगातल्या कुणालाही ते घेता येतं. मांडणं म्हणजे नुसतं ठेवणं, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात दुकानाने मला आधी नाव विचारलं, मग चिन्ह मागितलं, तेही निरनिराळ्या मापांत. मग वर्णन, मग चालू असतानाचे फोटो, मग ते कशासाठी आहे, त्याला काय काय परवानग्या लागतात, त्या का लागतात, आणि लोकांच्या माहितीचं तुम्ही काय करणार याबद्दलचं जाहीर धोरण. एवढी चौकशी माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा झाली नव्हती.

याच सुमारास बातमी इमारतीत पसरली. आमच्या वरच्या मजल्यावर जज्जसाहेब राहतात. ते कोर्टात कारकून होते, पण निवृत्तीनंतर कुणी काही विचारो न विचारो, निकाल देत असतात, म्हणून त्यांना जज्जसाहेब म्हणतात. त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं.

"एक्स्टेंशन करताय म्हणे."

"हो. लहानसंच आहे."

"लहान असो, मोठं असो. परवानगी घेतली का?"

"अर्ज केलाय. मंजूर व्हायचाय."

"आणि मंजुरीच्या आधीच काम सुरू?"

"काम तर झालंसुद्धा," मी अभिमानाने म्हणालो. "सासूबाई वापरतायत."

जज्जसाहेब तडक तक्रार करायला गेले. दोन दिवसांनी इमारतीचे सेक्रेटरी मोजपट्टीवाल्या माणसाला घेऊन दारात उभे राहिले. त्यांना सासूबाईंची बाल्कनी बघायची होती. बाल्कनी मोजून झाली, बांधली तेव्हा होती तेवढीच निघाली, आणि मग त्यांनी मला विचारलं की नवं बांधकाम आहे तरी कुठे. मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवून फुली दाखवली. मोजपट्टीवाला सवयीने ती मोजायला लागला. सासूबाईंचाही घोळ वेगळ्या जातीचा होता. त्यांच्या एक्स्चेंजमध्ये एक्स्टेंशन म्हणजे आतला टेलिफोन नंबर. "तुमचं एक्स्टेंशन कितवं?" असं त्या मला अधूनमधून विचारत आणि मी "पहिलंच" म्हणालो की गप्प बसत.

गैरसमज मिटल्यावर जज्जसाहेब मदतीला आले. ते विरोधात होते तेव्हा माझं बरं चाललं होतं. त्यांनी सुचवलेलं नाव होतं 'बाधानिर्मूलन'. ते मी कसंबसं टाळलं आणि 'मोठी फुली' हे साधं नाव ठेवलं. मात्र माहितीबद्दलचं धोरण लिहायचं काम त्यांनी माझ्या हातातून काढूनच घेतलं. 'सदर विस्तारकाचा कर्ता, यापुढे ज्याचा उल्लेख फक्त कर्ता असा केला जाईल, हा याद्वारे असे नमूद करतो की', अशी सुरुवात होऊन वाक्य पुढच्या पानावर संपत होतं, आणि संपल्यावर कर्ता नक्की काय म्हणाला हे कर्त्यालाही सांगता आलं नसतं. दुकानाने अर्ज परत पाठवला. धोरण समजत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बायकोने ते पुसलं आणि लिहिलं, 'आम्ही तुमचं काहीही बघत नाही, ठेवत नाही, कुठे पाठवत नाही. फक्त फुली मोठी करतो.'

चिन्हही तिनेच काढलं, अगदी मोजूनमापून, लाल फुली. अर्ज मंजूर झाला, आणि मग लक्षात आलं की ब्राउझरच्या कोपऱ्यात लाल फुली दिसली की माणसाला वाटतं काहीतरी बिघडलंय. पहिल्या काही ग्राहकांनी एक्स्टेंशन घेतलं, फुली बघितली, आणि बिघडलं समजून लगेच काढून टाकलं. चिन्ह हिरवं केलं. तेव्हा कुठे माणसं थांबायला लागली.

माणसं म्हणजे आमच्याच इमारतीतली. ती जमवायला मी दारोदार फिरलो. पण हे एक्स्टेंशन घेताना ब्राउझर एक सूचना दाखवतो: 'हे एक्स्टेंशन तुम्ही बघता त्या सर्व वेबसाइटवरची तुमची सर्व माहिती वाचू आणि बदलू शकते.' फुली कोणत्याही पानावर असू शकते, म्हणून परवानगी सगळ्या पानांची घ्यावी लागते. एवढाच त्याचा अर्थ. पण जज्जसाहेबांनी ती सूचना जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवली, आणि त्या आवाजात तर लिफ्टच्या वापराचे नियमसुद्धा आरोपपत्रासारखे वाटतात.

इमारतीची वागणूक बदलली. मी लिफ्टमध्ये शिरलो की बोलणं थांबे. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, ज्यांच्याशी माझं कधी धड बोलणं नव्हतं, ते एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "परवा दुपारी मी जे बघत होतो ना, ते चुकून उघडलं गेलं होतं." मी म्हणालो, "डॉक्टर, मला काहीच माहीत नाही." ते म्हणाले, "तेच तर. कुणाला माहीत नसलेलंच बरं," आणि माझा खांदा थोपटून गेले. त्यांच्या पत्नी संध्याकाळी आल्या. डॉक्टर काय बघत होते हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मला दिसत नाही असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "सांगायचं नसेल तर तसं सांगा."

कधी कुणाचं टपाल चुकून आलं तरी न उघडता देणारा मी माणूस. मला हे फार लागलं. शेवटी सासूबाईच जिन्यात आल्या. "मी सगळ्या नोकरीत कानाला यंत्र लावून बसत होते," त्या जज्जसाहेबांना म्हणाल्या. "सगळ्या गावाचं बोलणं माझ्या हातातून जायचं. ऐकायचं म्हटलं असतं तर ऐकता आलं असतं. जोडायचं आणि कान काढायचा, एवढंच काम. आमचे जावई तसेच आहेत. आणि खरं सांगू का, त्यांना तुमच्यापैकी कुणात तेवढा रसही नाही." शेवटच्या वाक्याने लोकांची खात्री पटली.

वाढ मात्र इमारतीमुळे झाली नाहीच. ती विणकामामुळे झाली. सासूबाई जगभरच्या विणणाऱ्या बायकांच्या एका गटात आहेत. तिथे त्यांनी एका टोपीच्या नमुन्याखाली सहज लिहिलं की आमच्या जावयांनी फुली मोठी केली आहे. हजारो लोकांपर्यंत पोचायचे मार्ग सांगणारे लेख मी वाचले होते. त्यांपैकी एकातही टोपी नव्हती. विणणाऱ्या बायकांचे दोन्ही हात अडकलेले असतात, मांडीवर लोकर असते, त्यात बारीक फुलीवर नेम धरायचा म्हणजे टाका सुटतो. त्यांनी ते घेतलं, बहिणींना दिलं, नवऱ्यांना दिलं. काही आठवड्यांत माझ्या फुलीला काही हजार घरं मिळाली. दुकानाच्या पानावर लोक तारे देत, चांगले शब्द लिहीत. सासूबाईंनी मात्र तीनच तारे दिले होते आणि खाली लिहिलं होतं, 'ठीक आहे. जावयाचे आहे.' मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाच दिले तर काम थांबवाल."

काम मी थांबवलं नाही, हीच पुढची अडचण. मी तेव्हा बोलताना 'माझे वापरकर्ते' असा शब्द वापरायला लागलो होतो. ऑफिसात चहाच्या वेळी साहेबांना मी माझ्या वापरकर्त्यांबद्दल इतकं सांगितलं की त्यांनी सुटका करून घ्यायला का होईना, आपल्या कॉम्प्युटरवर मोठी फुली बसवून घेतली. दुसरीकडे लोक लिहीत होते: आमच्या अमुक पानावर फुली मोठी होत नाही. माझ्या तुकड्याला तेव्हा ठराविक जाहिरातींच्या फुल्याच ओळखता येत. जज्जसाहेब म्हणाले, "कायदा सगळ्यांना सारखा हवा. एका फुलीला न्याय आणि दुसरीवर अन्याय, हे चालणार नाही." मला ते पटलं. मी नवी आवृत्ती काढली. आता कुठल्याही पानावरची, कुठल्याही जातीची फुली मोठी होणार होती.

आमच्या ऑफिसात रजेचं एक पान आहे. ते मीच बनवलंय. साहेबांसमोर माणसाचं नाव येतं आणि नावापुढे दोन खुणा: मंजुरीची हिरवी बरोबरची खूण आणि नकाराची लाल फुली. शेजारी शेजारी, सुबक, आटोपशीर.

त्या आठवड्यात साहेबांनी सगळ्यांच्या रजा नाकारल्या.

आमच्या विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर लांबू बसतो. उंची जास्त आणि स्वभाव वाकलेला, असा गरीब माणूस. त्याचं लग्न ठरलं होतं, तारीख जवळ आली होती. त्याचा अर्ज नाकारला गेला. त्याने पुन्हा केला. पुन्हा नाकारला. तो माझ्याकडे आला. "पान बिघडलंय का हो?"

मी माझ्या कॉम्प्युटरवर तपासलं. ऑफिसच्या मशीनवर बाहेरचं काही बसवायचं नाही हा नियम मीच केलेला असल्यामुळे माझ्याकडे मोठी फुली नव्हती. (साहेबांना नियम लागू नाहीत, हाही नियम मीच केला होता.) पान ठणठणीत होतं. नोंदीत स्पष्ट दिसत होतं, साहेबांनी स्वतः फुली दाबली.

"पान बिघडलेलं नाही," मी म्हणालो. आपल्या कामावर शंका घेतली की माझा आवाज जरा चढतो. "साहेबांनीच नाकारलीय. दोन्ही वेळा."

"मी काय वाईट केलं त्यांचं?"

"ते मला कसं माहीत असणार? पान उत्तम चाललंय."

दोन दिवसांनी लांबूचे होणारे सासरे ऑफिसात आले. टोपी मांडीवर ठेवून दारालगतच्या खुर्चीवर बसले. माझं टेबल दाराजवळ असल्यामुळे ते माझ्याशीच बोलले. "मुलाला लग्नाला सुट्टी मिळत नाही, असं तो म्हणतो. असं कुठे असतं का? खरं सांगा, मुलगा मागे हटतोय का?"

"छे, छे. तो हटणारा नाही," मी म्हणालो आणि आवाज खाली आणला. "आमचे साहेबच जरा..." पुढचं मी हाताने सांगितलं. हाताने नक्की काय सांगितलं ते आता आठवून बरं वाटत नाही. सासऱ्यांनी मान हलवली. "मुलीला सांगतो," म्हणाले. "ती दोन दिवस जेवली नाहीये."

प्रकरण संचालक बाईंपर्यंत गेलं. त्यांनी साहेबांना, लांबूला आणि पान बरोबर असल्याचं सांगायला मला, असं तिघांना साहेबांच्याच खोलीत बोलावलं. मी सांगितलं. पान बरोबर आहे, नोंदी बरोबर आहेत, फुली साहेबांनी दाबली आहे. बाई साहेबांकडे वळल्या.

"का नाकारल्या एवढ्या रजा?"

साहेब खालमानेने बसले होते. "दुसरं काही करताच येत नाही मॅडम."

"म्हणजे?"

"मंजूर करायची खूण काढून टाकलीय ना. नुसता नकारच ठेवलाय. मला वाटलं, वरून आलंय."

"वरून म्हणजे कुठून?"

"तुमच्याकडून," साहेब म्हणाले. "मला वाटलं धोरण असेल. विचारायला बरं दिसलं नाही." मग म्हणाले, "मी माझीसुद्धा नाकारली. बहिणीकडे जायचं होतं. ती आजारी आहे."

बाईंनी त्यांना पान उघडायला सांगितलं. पान उघडलं. लांबूच्या नावापुढे बशीएवढी, लालभडक फुली उगवली आणि तिच्या खाली हिरवी खूण पूर्णपणे झाकली गेली. आपलं मूल दुसऱ्याच्या खिडकीवर दगड मारताना दिसावं तसं मला झालं.

त्या क्षणी गप्प राहणं शक्य होतं. पानात काहीतरी किरकोळ बिघाड आहे, आज दुरुस्त करतो, एवढं म्हणून मी सुटलो असतो. साहेब वेंधळे ठरले असते, आणि ते तसे आहेत अशी ऑफिसची समजूत आधीपासून होतीच. पण लांबू माझ्याकडे बघत होता. संशयाने नाही. हा माणूस पानं समजतो, हा काहीतरी करेल, अशा भरवशाने.

"ती फुली माझी आहे," मी म्हणालो.

कुणाला काही कळलं नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सासूबाई, विणकाम, सोफा, बशी. बाई शांतपणे ऐकत होत्या. सासूबाईंच्या तीन ताऱ्यांपाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. "फुली काढा," त्या म्हणाल्या.

मी काढली. खाली दबलेली हिरवी खूण दिसायला लागली. साहेबांनी ती दाबली. मग त्यांनी एकेक करून सगळ्यांच्या रजा मंजूर केल्या, अगदी ज्यांनी मागे घेतल्या होत्या त्यांच्याही, आणि शेवटी स्वतःची. मला लेखी समज मिळाली. रजेच्या पानावर यापुढे खुणा न ठेवता 'होय' आणि 'नाही' असे शब्द लिहायचे, असा हुकूम झाला. लांबूच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. त्याचे सासरे मला भेटले. "मुलगा चांगला आहे," ते म्हणाले, "साहेबही चांगले आहेत," आणि पुढे माझ्याबद्दल काही न बोलता पाहुण्यांकडे गेले.

ऑफिसातून सुटलो, पण जगभरचे वापरकर्ते होतेच. कुणाची खरेदीच्या पिशवीतली लोकर एका टिचकीसरशी गायब झाली होती. कुणाला तिकीट फक्त रद्द करता येत होतं, काढता येत नव्हतं. दुरुस्त आवृत्ती मी त्याच दिवशी दुकानाला पाठवली. पण ती तपासल्याशिवाय बाहेर पडणार नव्हती, आणि दुकानाला घाई नव्हती. तोवर एकच तारा देणाऱ्या शेऱ्यांचा पाऊस पडला. एका बाईने लिहिलं होतं, 'या माणसाचा आणि फुलीचा संबंध येऊ देऊ नका.' मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिला कसं कळलं?"

दुरुस्ती पोचली, आरडाओरडा शमला, बरेच लोक टिकले. विणणाऱ्या बायका तर जवळजवळ सगळ्याच. पण माझं मन उडालं होतं. आणि नेमक्या त्याच वेळी एका माणसाचा फोन आला. आवाज इतका गोड की मी आपोआप हसून बोलायला लागलो. त्याला मोठी फुली विकत घ्यायची होती. आकडा ऐकून मी खुर्चीत नीट बसलो.

"काही बदलणार नाही," तो म्हणाला. "नाव तेच, फुली तीच. फक्त कधी कधी, म्हणजे अगदी अधूनमधून, पहिली टिचकी आमची. चौकोन बंद व्हायच्या आधी आमचं एक पान उघडेल. लोक ते बंद करतील, दुसऱ्या टिचकीला चौकोन जाईल. कुणाच्या लक्षातही येत नाही हो."

"लोक तक्रार करतील ना."

"अहो, करत नाहीत. आमचा अनुभव आहे."

जज्जसाहेबांनी निकाल दिला: विका, पण करारनामा मी लिहीन. बायको म्हणाली, "तुझं आहे. तू ठरव. फक्त ते आपण लिहिलेलं धोरण आधी काढून टाक, त्यात आपण काही वेगळंच म्हटलंय." मी म्हणालो, आपण कुणाचं काही वाचणार नाहीच आहोत. ती म्हणाली, "बरं," आणि कपड्यांच्या घड्या करायला लागली. तिचं 'बरं' हे नकाशातल्या तुटक रेषेसारखं असतं. बांधकाम तिथपर्यंत येऊ शकतं, पण येऊ नये.

त्या माणसाने करून बघायला बदललेल्या फुलीचा एक नमुना पाठवला. मी तो सासूबाईंच्या कॉम्प्युटरवर बसवला. मी स्वतःला सांगितलं, ही फक्त चाचणी आहे. माझी प्रत्येक चाचणी इथेच होते. त्यांच्या लक्षात आलं तर नाही म्हणू. नाही आलं, तर मग कुणाचं काही बिघडत नाही.

सासूबाईंनी हातमोज्यांचा नमुना उघडला. मी मागे उभा राहिलो. चौकोन आला, फुली आली, त्यांनी अगदी मधोमध टिचकी मारली. एका बुटांच्या दुकानाचं पान उघडलं. त्यांनी ते बंद केलं. पुन्हा फुली, पुन्हा मधोमध, चौकोन गेला. पुढच्या नमुन्याला काही झालं नाही. त्याच्या पुढच्याला पुन्हा बूट. मी वाट बघत होतो, त्या आता माझ्याकडे वळून "अहो, हे काय?" म्हणतील. त्या वळल्या नाहीत. त्यांनी उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला आणि बोटं हळूहळू मिटून उघडून बघितली. मग तो हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने माउस धरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. हात हलतोय वाटतं माझा," त्या म्हणाल्या. "आता बशीएवढ्या फुलीवरही नीट पडत नाही. विणताना जाणवत नाही, पण हलत असणार. व्हायचंच ते आता." आणि डाव्या हाताने, फार सावकाश, बाण फुलीकडे न्यायला लागल्या.

त्या माणसाचं बरोबर होतं. लोक तक्रार करत नाहीत.

मी खाली वाकलो, त्यांच्या हाताखालचा माउस घेतला आणि त्या माणसाची फुली काढून टाकली. "आई, हात हलत नाहीये तुमचा," मी म्हणालो. "टिचकी बरोबर पडत होती. फुली खोटी होती."

"खोटी म्हणजे?"

"म्हणजे मी बसवली होती. आता काढली."

त्या काहीतरी कडक बोलणार असं वाटलं, पण त्यांनी आधी उजवा हात पुन्हा माउसवर ठेवला आणि बाण पडद्यावर इकडून तिकडे सरळ फिरवून बघितला. तो सरळ फिरला.

मी तिथेच त्यांच्या देखत फोन लावला आणि विकायची नाही म्हणून सांगितलं. गोड आवाजाने कारण विचारलं. मी म्हणालो, "तक्रार आली." तो म्हणाला, "एकच ना?" मी फोन ठेवला.

"आता ती खरी फुली परत बसवा," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची सरकवून मला जागा करून दिली. मी बसलो. त्या शेजारी लोकर घेऊन बसल्या आणि माझ्या बोटांकडे बघायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अहो, एवढी वर्षं हे काम करता आणि दोनच बोटांनी टाइप करता?"